दुसरी टिंबं : औरंगपुऱ्यातील एका डीटीपी केंद्राचे परीक्षण

छत्रपती संभाजीनगरात औरंगपुऱ्यातील पुस्तकांच्या दुकानांमागच्या एका गल्लीत अरुंद लाकडी जिना चढून गेले की दोन संगणक, एक प्रिंटर आणि भिंतीला टेकवलेले छापील कागदांचे गठ्ठे एवढ्याच ऐवजावर चालणारे एक डीटीपी केंद्र लागते. पाटीवर नाव असे नाहीच. ‘टायपिंग, डीटीपी, पुस्तक मांडणी’ एवढीच अक्षरे आहेत. मी माझी ११२ पानांची पुस्तिका तेथे मांडून घेतली, त्याला चार महिने लागले आणि त्या चार महिन्यांच्या अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे. लग्नपत्रिका किंवा कवितासंग्रह घेऊन जाणाऱ्यांना यातला बराच भाग अनावश्यक वाटेल, कारण माझे काम जरा आडवळणाचे होते.

परभणीच्या एका महाविद्यालयात मी ३१ वर्षे गणित शिकवले. निवृत्तीनंतर मराठी विद्यार्थ्यांसाठी युरोपीय गणितज्ञांची आणि शास्त्रज्ञांची एक नामसूची तयार केली. प्रत्येक नाव आधी देवनागरीत, मूळ उच्चाराच्या जितके जवळ जाता येईल तितके जाऊन लिहिलेले. शेजारी तेच नाव रोमन लिपीत, त्या माणसाच्या स्वतःच्या भाषेत जसे लिहितात तसे, डोक्यावरच्या आणि पायाखालच्या सगळ्या चिन्हांसकट. आणि खाली तीन-चार ओळींची माहिती. अशी सुमारे २४० नावे आहेत. या परीक्षणात मात्र मी ती रोमन अक्षरे टाकलेली नाहीत, कारण निम्म्या वाचकांच्या पडद्यावर ती चौकोन होऊन उमटतील अशी भीती मला वाटते आणि त्या चौकोनांनी माझा पुरेसा छळ केलेला आहे.

हा उद्योग सुचला तो एका प्रश्नामुळे. कलनशास्त्रात शून्य भागिले शून्य अशा ठिकाणी सीमा काढण्याचा जो नियम आहे, त्याला मी अनेक वर्षे वर्गात ‘एल हॉस्पिटल रूल’ म्हणत होतो, कारण माझे सरही तसेच म्हणत. एके दिवशी पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, हे डॉक्टर होते का?” वर्ग हसला, मीही हसलो, पण उत्तर मला ठाऊक नव्हते. पुढे कळले की ते फ्रेंच सरदार होते, १६९६ साली त्यांनी कलनशास्त्रावरचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यांच्या नावाचा उच्चार ‘लोपिताल’ असा आहे. त्यांच्या काळी नावात ‘एस’ लिहीत असत, पण तो उच्चारातून केव्हाच गेलेला होता. फ्रेंच अकादमीने १७४० च्या कोशात असे मुके ‘एस’ मोठ्या प्रमाणावर काढून टाकले आणि त्यांच्या अलीकडच्या स्वरावर सर्कमफ्लेक्स नावाची टोपी ठेवली. इस्पितळ, जंगल, बेट, सण या अर्थांच्या फ्रेंच शब्दांवर आज जी टोपी दिसते, ती अशाच गेलेल्या ‘एस’ची खूण आहे. आपल्याकडे ‘नांव’, ‘कांहीं’, ‘केंव्हां’ या शब्दांवरचे टिंबही एकेकाळच्या अनुनासिक उच्चाराची खूण होते, पण १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ते काढून टाकले. फ्रेंचांनी अक्षर काढले आणि खूण ठेवली. आपण खूणच पुसली. माझ्या वडिलांच्या पत्रांत ती टिंबे अजून आहेत आणि ती वाचताना मला उगीचच फ्रेंचांचा हेवा वाटतो.

औरंगपुऱ्यात पोहोचण्यापूर्वी मी हे काम गावातल्याच एका केंद्रात दिले होते. तेथे मराठी मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये होत असे. त्या पद्धतीत इंग्रजी अक्षरांपलीकडच्या ज्या जागांवर युरोपीय चिन्हांकित अक्षरे असतात, त्याच जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. परिणामी पॉइनकारे यांच्या नावातील शेवटचा ‘ई’ पहिल्या प्रुफात अर्ध्या तुटलेल्या जोडाक्षराच्या रूपाने प्रकट झाला, मोबियस यांच्या नावात मधोमध एक वेलांटी उगवली आणि कित्येक नावांत नुसते चौकोन आले. मी तक्रार केली तेव्हा चालकाने अगदी शांतपणे विचारले, “सर, वरचं काढूनच टाकू का? इंग्लिशमध्ये चालतंय की.”

चालत नाही, हे समजावून सांगण्यात माझी एक दुपार गेली. पोर्तुगीजमध्ये आजी आणि आजोबा या शब्दांत फरक फक्त शेवटच्या ‘ओ’वरच्या चिन्हाचा आहे, तिरपी रेघ असेल तर आजी, टोपी असेल तर आजोबा. पोलिशमध्ये ‘ए’ला शेपटी असेल तर न्यायालय, नसेल तर फळबाग. आणि स्पॅनिशमध्ये ‘वर्ष’ या शब्दातील ‘एन’वरची लाट काढली, तर जो शब्द उरतो तो शिक्षकाने वर्गात उच्चारू नये असा आहे. चालकाने सगळे ऐकून घेतले आणि पुन्हा तेच विचारले. मी हस्तलिखित उचलले आणि घरी आलो.

औरंगपुऱ्यातील केंद्र एक ताई चालवतात. मदतीला त्यांचा पुतण्या असतो. काम युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणि इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरवर होते, हे फोनवर कळले तेव्हाच मी मराठवाडा एक्स्प्रेसचे तिकीट काढले. दर पानाला ७० रुपये, त्यात दोन प्रुफे. तिसऱ्या प्रुफापासून पानाला १० रुपये वेगळे. ताईंनी हस्तलिखिताची आठ-दहा पाने उलटली, एका नावावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, “सर, हे सगळं वरचं खालचं आपल्याला बसवायचंय ना? मग मला एकेकदा दाखवून ठेवा, नंतर चूक माझी.” एवढ्या वाक्यावर मी काम दिले आणि त्याचा मला पश्चात्ताप झाला नाही, जरी पुढे नाराज होण्याचे प्रसंग आलेच.

संभाजीनगर ते परभणी हे अंतर दुरुस्तीच्या प्रत्येक चिठ्ठीसाठी तोडण्यासारखे नाही. त्यामुळे प्रुफ व्हॉट्सॲपवर येई, मी ते परभणीत छापून घेई आणि संध्याकाळी सातनंतर फोनवर दुरुस्त्या सांगे. या फोनांनीच या केंद्राची खरी परीक्षा झाली. सुरुवातीला मी मोठ्या ऐटीत सांगू लागलो की पान ३७ वर चौथ्या ओळीत पाचव्या अक्षरावर अक्यूट हवा, ग्रेव्ह नको. पलीकडे शांतता. दुसऱ्या दिवशी प्रुफात नेमके उलटे. तिसऱ्या संध्याकाळी ताईंनीच तोडगा काढला: “सर, त्याचं इंग्रजी नाव नका सांगू. दिसतंय कसं ते सांगा.” मग आम्ही नावे ठेवली. उजवीकडे वर चढणारी रेघ, म्हणजे अक्यूट, ‘तिरपी’ आणि तिच्या विरुद्ध बाजूची, म्हणजे ग्रेव्ह, ‘उलटी तिरपी’ ठरली. सर्कमफ्लेक्सला ‘टोपी’, चेक नावांवरच्या चिन्हाला ‘उलटी टोपी’, स्वीडिश ‘ए’वरच्या वर्तुळाला ‘कडी’, स्पॅनिश ‘एन’वरच्या चिन्हाला ‘लाट’, पोलिश स्वरांच्या पायाखालच्या आकड्याला ‘शेपटी’, आणि जर्मन नावांवरच्या दोन ठिपक्यांना ‘जोडटिंब’. पुतण्याने ही नावे चित्रांसह एका कागदावर लिहून संगणकाच्या वर चिकटवली आणि त्यानंतर दुरुस्त्यांमधल्या चुका निम्म्याने तरी कमी झाल्या.

नंतर घरी कोश चाळताना माझ्या लक्षात आले की आम्ही काही नवे केलेलेच नव्हते. पोलिशमध्ये त्या खालच्या चिन्हाचे नाव ‘ओगोनेक’ आहे, म्हणजे छोटी शेपटी. चेक लोक आमच्या उलट्या टोपीला ‘हाचेक’ म्हणतात, म्हणजे छोटा आकडा, आणि ‘यू’वरच्या कडीला ‘क्रोउझेक’, म्हणजे छोटी कडीच. पोर्तुगीज बोलणारे सर्कमफ्लेक्सला सर्रास टोपी म्हणतात. वेल्शमध्ये तेच चिन्ह ‘छोटे छप्पर’ आहे, तर स्लोव्हेनियन लोक छोटे छप्पर म्हणतात ते नेमके उलट्या टोपीला. उताणे पडलेले छप्परही छप्परच, असा त्यांचा हिशेब असावा. स्लोव्हाक भाषेत याच उलट्या टोपीचे नाव दिसण्यावरून न ठेवता कामावरून ठेवलेले आहे: व्यंजन मृदू करणारी ती ‘मृदुकारी’. आयरिश लोकांची तिरपी रेघ ‘फादा’ आहे, म्हणजे लांब, कारण ती स्वर लांबवते. ती गाळली तर ‘शॉन’ या नावाचा ‘म्हातारा’ होतो.

या नावांच्या गमती येथेच संपत नाहीत. लाटेला इंग्रजीत ‘टिल्डा’ म्हणतात आणि तो शब्द स्पॅनिश आहे, पण स्पेनमध्ये नुसते ‘टिल्डे’ म्हटले तर सामान्य माणसाला तिरपी रेघ आठवते; लाटेसाठी त्यांच्याकडे ‘छोटा स्वल्पविराम’ या अर्थाचा वेगळा शब्द आहे. ‘सी’च्या पायाखालच्या आकड्याचे ‘सेडिला’ हे नाव, म्हणजे छोटा ‘झेड’, हेही स्पॅनिशच. पण स्पॅनिशने ते अक्षर अठराव्या शतकात सोडून दिले आणि आता ते फ्रेंच, पोर्तुगीज, तुर्की यांच्याकडे नांदते. दोन ठिपक्यांना फ्रेंच लोक ‘त्रेमा’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ छिद्र, फाशावरचे ठिपके. अक्यूट म्हणजे तीक्ष्ण, ग्रेव्ह म्हणजे जड आणि सर्कमफ्लेक्स म्हणजे वळवलेला, ही नावे तेवढी दिसण्यावरून आलेली नाहीत. ती ग्रीकांच्या उच्च, नीच आणि चढून उतरणाऱ्या स्वरांची लॅटिन भाषांतरे आहेत, म्हणजे थोडक्यात आपले वेदपठणातले उदात्त, अनुदात्त आणि स्वरित. पाणिनीने तीन छोट्या सूत्रांत स्वरांचे जे भेद सांगितले, तसेच भेद लिहून दाखवण्याची अडचण अलेक्झांड्रियातील ग्रीक पंडितांना आली होती. ग्रीकांनी १९८२ साली या तिन्हींच्या जागी एकच तिरपी रेघ ठेवली.

माझे वडील निजामाच्या काळात उर्दू माध्यमात शिकले आणि त्यांच्या तोंडी जबर, जेर, पेश ही उर्दू स्वरचिन्हांची नावे शेवटपर्यंत होती. ती फारसी नावे म्हणजे वर, खाली, पुढे. चिन्ह बसते कुठे एवढेच सांगणारी. ‘नुक्ते के हेरफेर से खुदा जुदा हो गया’ हे ते माझ्या प्रत्येक शुद्धलेखनाच्या चुकीवर म्हणत. ताईंना मी ती ओळ ऐकवली तेव्हा त्यांनी ती त्या कागदाच्या खाली लिहून ठेवली.

आता हंगेरीविषयी, कारण या केंद्राचे सर्वांत चांगले काम त्या पानांवर झाले. पॉल एर्दोश, बुडापेस्टला १९१३ साली जन्मलेले आणि सुमारे दीड हजार शोधनिबंध लिहिलेले गणितज्ञ, यांच्या आडनावातील ‘ओ’वर दोन ठिपके नाहीत, दोन बारीक तिरप्या रेघा आहेत. पहिल्या प्रुफात ताईंनी तेथे जोडटिंब दिले. मी सांगितले की ठिपके नकोत, रेघा हव्यात. दुसऱ्या प्रुफात लाट आली. मी चिडलो, आणि चिडण्याचे कारण नव्हते, हे नंतर कळले. झाले असे होते की त्यांनी ते नाव एका जुन्या यादीतून उचलून चिकटवले होते. युनिकोडपूर्वी पश्चिम युरोपसाठी अक्षरांचा एक तक्ता होता आणि मध्य युरोपसाठी दुसरा. २४५ या क्रमांकावर एका तक्त्यात लाटेचा ‘ओ’ आहे आणि दुसऱ्यात दोन रेघांचा हंगेरियन ‘ओ’. बुडापेस्टमध्ये बरोबर लिहिलेले नाव पॅरिसच्या तक्त्याने वाचले की एर्दोश यांच्या डोक्यावर पोर्तुगीज लाट येते. ही चूक जगभरच्या जुन्या याद्यांत सापडते. औरंगपुऱ्यातील ताईंना दोष देण्यात अर्थ नव्हता.

त्या संध्याकाळी मी फोनवर जरा सविस्तर सांगितले. हंगेरियनमध्ये ‘ओ’वर दोन ठिपके असले तर उच्चार ऱ्हस्व आणि त्या ठिपक्यांच्या जागी दोन रेघा आल्या तर तोच उच्चार दीर्घ; ‘यू’चेही तसेच. साध्या स्वरांवर एक तिरपी रेघ आली की तेही दीर्घ होतात. पलीकडून क्षणभर काही आले नाही आणि मग ताई म्हणाल्या, “म्हणजे सर, पहिली वेलांटी आणि दुसरी वेलांटी. ही दुसरी टिंबं म्हणा की.” मी वहीत ते तसेच लिहून घेतले. इंग्रजी मुद्रणात या चिन्हाला ‘दुहेरी अक्यूट’ किंवा ‘हंगेरियन उमलाउट’ (उमलाउट म्हणजे जर्मन जोडटिंब) अशी नावे आहेत आणि दोन्ही नावांवरून त्याचे काम कळत नाही. ‘दुसरी टिंबं’ म्हटल्यावर मराठी चौथीतल्या पोरालाही कळेल. पुढच्या प्रुफात एर्दोश बरोबर आले आणि न सांगता सेगो हेही बरोबर आले, त्यांच्या नावातही तोच ‘ओ’ आहे. ज्या मांडणीकाराला एक नियम सांगितल्यावर दुसरे उदाहरण स्वतः सापडते, त्याला पानामागे ७० रुपये कमीच आहेत.

एवढे कौतुक केल्यावर आता फजिती सांगतो. जर्मन जोडटिंबाचा इतिहास मी हौसेने ताईंना सांगितला होता: मुळात त्या स्वराच्या डोक्यावर छोटा ‘ई’ लिहीत, जुन्या जर्मन हस्ताक्षरात तो ‘ई’ दोन उभ्या रेघांसारखा दिसे आणि त्या रेघा आटत आटत ठिपके झाले. चेक ‘यू’वरची कडी हाही असाच वर चढलेला ‘ओ’, आणि स्पॅनिश लाट म्हणजे वर चढलेला दुसरा ‘एन’. आपला रफार तरी वेगळा काय आहे? ‘सूर्य’मधला ‘र’ जागा नाही म्हणून पुढच्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. म्हणूनच टिंबे उपलब्ध नसतील तेव्हा जर्मन लोक तो ‘ई’ खाली उतरवतात आणि ओ-ई, यू-ई असे लिहितात. पुण्यातल्या मॅक्स म्युलर भवनाच्या रोमन नावात यू-ई आहे तो त्याच रीतीने.

ताईंनी यावरून जो निष्कर्ष काढला, तो तर्कशुद्ध होता. त्यांनी जर्मन विभागातील सगळे ओ-ई एका आज्ञेत शोधून त्यांच्या जागी जोडटिंबाचा ‘ओ’ बसवला. श्रोडिंगर आणि गोडेल यांचे त्याने भलेच झाले, कारण माझ्या हस्तलिखितात ती दोन नावे आळसाने ओ-ई अशी पडली होती. पण एमी नोएथर यांच्या शोधनिबंधांवर नाव ओ-ई असेच छापले गेलेले आहे आणि ते तसेच लिहावे लागते. कवी ग्योटे यांचेही तेच, आणि त्यांनी रंगांवर पुस्तक लिहिले म्हणून ते माझ्या यादीत आहेत. म्हणजे टिंबांचा ‘ई’ करता येतो, पण ‘ई’ची टिंबे प्रत्येक वेळी करता येत नाहीत. ही चूक मला मिळालेल्या तिसऱ्या प्रुफात नऊ ठिकाणी होती आणि ती मी सेलू ते जालना या टप्प्यात, खिडकीशी बसून, पेन्सिलीने दुरुस्त केली. या प्रुफाचे पानामागे १० रुपये मात्र माझ्याच बिलात लागले. त्यावर मी हरकत घेतली. ताई म्हणाल्या की निम्मी चूक सरांच्या इतिहासाची आहे. आम्ही पाच-पाच रुपयांवर मिटवले.

सूचीच्या क्रमाबाबत माझी तक्रार अधिक गंभीर आहे. शेवटी रोमन वर्णक्रमाने सूची हवी होती आणि ती संगणकाने आपोआप लावली जाईल, असे मला सांगण्यात आले. ती लागली, पण पॉइनकारे दोनदा आले. एकदा ‘ई’ आणि वरची तिरपी मिळून एकच अक्षर म्हणून टंकलेले होते, दुसऱ्यांदा साधा ‘ई’ आणि त्यावर स्वतंत्र रेघ असे दोन तुकडे होते. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला दोन माणसे. शिवाय ‘ए’वर कडी असलेले ओंगस्ट्रॉम कुठे घ्यायचे? इंग्रजी वाचक त्यांना ‘ए’मध्ये शोधेल, स्वीडिश वाचक ‘झेड’च्याही नंतर, कारण त्यांच्याकडे कडीचा ‘ए’ हे स्वतंत्र अक्षर आहे. डेन्मार्कने १९४८ साली दोन ‘ए’ लिहिण्याऐवजी कडीचा ‘ए’ स्वीकारला, आणि प्रकाशाला वेग असतो हे १६७६ साली दाखवणारे रोमर ज्या गावी जन्मले, त्या ऑर्हूसने २०११ पासून पुन्हा जुने दोन ‘ए’ घेतले. जर्मनांचे तर कोशात एक आणि टेलिफोनच्या यादीत दुसरे असे दोन क्रम रूढ आहेत. आपणही वर्णमाला म्हणताना क्ष आणि ज्ञ शेवटी म्हणतो, पण संगणकाने क्रम लावला की ते ‘क’च्या आणि ‘ज’च्या घरात जाऊन बसतात, तेव्हा हसण्याचे कारण नाही. माझे म्हणणे एवढेच की क्रमाचा प्रश्न ग्राहकाला आधी विचारायला हवा होता. मांडणी संपल्यावर सूची लावायला घेतली आणि त्यात तीन आठवडे गेले.

छपाईच्या दर्जाविषयी. देवनागरी अक्षर सुबक आहे, ओळींमधले अंतर उदार आहे, रोमन नावांसाठी वेगळा फॉन्ट निवडण्याचा ताईंचा सल्ला योग्य ठरला. मात्र निवडलेल्या फॉन्टमध्ये रुमानियन अक्षरे नव्हती. गणितज्ञ त्सित्सेइका यांच्या नावात दोन ‘टी’ आहेत आणि दोघांच्याही खाली स्वल्पविराम असतो. तो सेडिला नव्हे, आणि हा फरक युनिकोडनेही १९९९ साली वेगळी अक्षरे देऊन मान्य केलेला आहे. संगणकाने ती दोन अक्षरे गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून आणली. पान हातात धरून पाहिले तर त्या नावात दोन अक्षरे बाकीच्यांपेक्षा काळी आणि रुंद दिसतात, सोन्याचे दात बसवल्यासारखी. मी ते चालवून घेतले. काटेकोर ग्राहकाने चालवून घेऊ नये.

बाकीच्या गोष्टी किरकोळ आहेत. जिना अंधारा आहे आणि गुडघे दुखणाऱ्यांनी फोनवरच काम उरकावे. दुचाकी लावायला गल्लीत जागा मिळत नाही. दुपारी वीज गेली की काम थांबते, पण शेवटची फाइल कधीही गमावली गेली नाही, ती रोज दोन ठिकाणी जपून ठेवलेली असते. बिल हाताने लिहिलेले असले तरी हिशेब चोख आहे. काम हाती घेताना नावांसाठी वेगळे पैसे मागितले नव्हते. दुसऱ्या प्रुफानंतर ताईंनी २,००० रुपये वाढवून मागितले आणि कामाचा आवाका त्यांना आधी कळणे शक्य नव्हते, म्हणून मी ते दिले. ज्यांना घाई आहे त्यांनी येथे जाऊ नये, कारण परीक्षांच्या हंगामात प्रबंधांची रांग लागते आणि माझ्यासारख्याची पुस्तिका मागे पडते. ज्यांच्या मजकुरात फ्रेंच, जर्मन, पोलिश, संस्कृतचे स्वरांकन किंवा असे काहीही आहे, ज्याला दुसरीकडे ‘चालतंय की’ म्हणून उडवून लावतील, त्यांनी हा जिना अवश्य चढावा. फक्त सूचीचा क्रम लेखी ठरवून घ्यावा आणि मोठ्या अक्षरांतली शीर्षके स्वतः तपासावीत.

शीर्षकांचा सल्ला मी माझ्याच चुकीतून देत आहे. प्रकरणांच्या शीर्षकांतली नावे मी सगळी मोठ्या रोमन अक्षरांत करायला सांगितली होती. तुर्की भाषेत टिंब असलेला ‘आय’ आणि टिंब नसलेला ‘आय’ ही दोन वेगळी अक्षरे आहेत आणि टिंबवाला मोठा केला तरी त्याचे टिंब जात नाही. संगणकाला ते माहीत नसते, तो इंग्रजीच्या सवयीने टिंब उडवतो. तुर्कस्तानने आपल्या १० लिरांच्या नोटेवर ज्यांचे चित्र छापले, ते गणितज्ञ जाहित आर्फ माझ्या पुस्तिकेत अशा रीतीने टिंबाविना छापले गेले आहेत. ते मला ३०० प्रती घरी आल्यावर दिसले. ताईंना फोन केला तेव्हा त्यांनी फाइल उघडून तेवढे टिंब बसवून ठेवले आणि सांगितले की दुसऱ्या आवृत्तीत त्याचे पैसे लागणार नाहीत. पहिल्या आवृत्तीच्या प्रतींत मी ते काळ्या शाईच्या पेनाने देत आहे. १८० प्रती झाल्या आहेत.